मामेसासऱ्यांची काडतुसं

इंग्लंडातल्या समस्त हरीणजातीची जेवढी काळजी माझ्या मामेसासऱ्यांनी वाहिली, तेवढी कुठल्या प्राणिमित्र मंडळाने, वनखात्याने किंवा खुद्द हरणांच्या आयांनीही वाहिली नसेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. फरक एवढाच, की ही सगळी काळजी त्यांनी रायफलच्या अलीकडच्या टोकाला बसून वाहिली. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लग्नानंतर बेसिंगस्टोकला बिऱ्हाड मांडून महिना झाला नाही तोच मामींचा फोन आला, की शनिवारी जेवायला या. साउथहॅम्प्टनच्या पलीकडे, जिथे शहर संपून झाडी सुरू होते, तिथे त्यांचं घर. तासभर गाडी हाकून आम्ही पोहोचलो, पानं वाढली गेली, आणि माझ्या लक्षात आलं की वरणाला फोडणी नाही. भाजी नुसती वाफवलेली. कोशिंबीरसुद्धा बिचारी जशी चिरली तशीच पानात येऊन बसलेली. या घरात कुणाला तरी हृदयाचं मोठं दुखणं आहे अशी माझी खात्री पटली, आणि नव्या जावयाला शोभेल अशा हळू आवाजात मी मामांच्या तब्येतीची चौकशी केली. मामी म्हणाल्या, "तब्येतीला काय धाड भरलीय त्यांच्या? आज शनिवार ना. शनिवारी ते काडतुसं भरतात." शनिवारी ते उपास करतात, हे ज्या सुरात सांगावं त्या सुरात त्यांनी हे सांगितलं आणि मला आणखी भात वाढला.

मामांची काडतुसं भरण्याची खोली स्वयंपाकघराला लागून होती. इतरांच्या घरात जिथे वॉशिंग मशीन असतं, तिथे यांचं एक जाड लाकडी टेबल, त्यावर उसाच्या चरकासारखा एक लोखंडी हातदाब, आणि काचेच्या पेटीत ठेवलेला एक जुना तराजू. या तराजूपायी घरातली फोडणी गेली होती. स्वयंपाकघरातला पंखा लावला की त्याच्या वाऱ्याने काटा हलतो, आणि पावडरचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा, डबा उघडा असताना शेजारी गॅस पेटवायचा नाही हा मामांचा पहिला नियम. म्हणून शनिवारी नऊ ते दोन गॅस बंद, पंखा बंद, दार आपटायचं नाही, जोरात हसायचं नाही. मी पहिल्याच भेटीत शिंकलो. मामांनी माझ्याकडे न बघता पारड्यातली पावडर डब्यात परत ओतली आणि "पुन्हा पहिल्यापासून" एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. शिंका येणारच, आणि आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मला या प्रकाराविषयी जी उत्सुकता वाटायला लागली ती तिथून. मी कॉम्प्युटरवाला माणूस. एखादी गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय मामांना चैन पडत नाही, त्यामुळे आमचं जमलं. एका काडतुसात चार जिन्नस असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, पोटात पावडर आणि तोंडाशी गोळी. दुकानात ही काडतुसं तयार मिळतात, वीस-वीसच्या खोक्यात, आणि इथले बहुतेक शिकारी तीच वापरतात. हे सांगताना मामांचा चेहरा, तयार मसाला वापरणाऱ्या सुनेविषयी बोलताना सासूचा होतो तसा व्हायचा. दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या रायफलसाठी केलेलं असतं, म्हणजे नेमकं कुणाच्याच रायफलसाठी केलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. तिला किती पावडर मानवते, गोळी किती आत बसवलेली आवडते, हे तिलाच विचारावं लागतं. विचारायचं म्हणजे चिमूटभर पावडर वाढवत वाढवत पाच-पाच काडतुसं भरायची, कागदावर झाडायची, भोकं मोजायची आणि घरी येऊन पुन्हा भरायची. पावडर मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे काय ते मला कळेना, तेव्हा मामा म्हणाले, "सोनाराची गुंज माहीत आहे ना? एका गुंजेत साधारण दोन ग्रेन. आणि आपण मोजतो ग्रेनचा दहावा भाग. म्हणजे गुंजेचे वीस तुकडे करायचे, त्यातला एक इकडेतिकडे होऊ द्यायचा नाही." मी म्हटलं, झाला तर काय होईल? मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "त्याला कळेल."

हे 'त्याला' म्हणजे हरणाला, आणि 'कळेल' म्हणजे काय, ते समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मामा भूलतज्ज्ञ. मिरजेहून शिकून आले आणि साउथहॅम्प्टनच्या मोठ्या इस्पितळात पस्तीस वर्षं लोकांना झोपवत राहिले. सर्जन मंडळींविषयी त्यांना, जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्यांविषयी आचाऱ्याला असतो तेवढाच आदर. कापणं काय, कुणीही कापतो, पण माणसाला झोपवून पुन्हा होता तिथे आणून उभा करणं हे खरं काम, अशी त्यांची ठाम समजूत. नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. कुणाशीही ओळख करून दिली की मामा हात हातात घेऊन आधी मनगटाची शीर बघत. मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहिलं की शेजारच्याचं वजन मनातल्या मनात ठरवत, आणि बाहेर आल्यावर माझ्या कानात सांगत. एकदा एका गृहस्थांचं वजन त्यांनी त्यांच्या बायकोसमोरच सांगितलं आणि ते तंतोतंत बरोबर निघाल्यामुळे त्या घरात पुढे महिनाभर साबुदाणा बंद झाला.

गंमत म्हणजे हा माणूस शाकाहारी. नुसता शाकाहारी नव्हे, तर न्हाणीघरात कोळी दिसला तर पेला उपडा घालून, खाली पोस्टकार्ड सरकवून, बागेत नेऊन सोडणारा. मी एकदा धीर करून विचारलं, की मामा, तुम्ही हरणाचं मांस खात नाही, मग मारता कशाला? ते आश्चर्याने म्हणाले, "आपल्या पेशंटला कुणी खातं का?" मग त्यांनी मला नीट समजावलं. इथल्या रानात लांडगा उरलेला नाही. हरणं वाढतात, कोवळी झाडं ओरबाडून खातात, मग हिवाळ्यात उपाशी मरतात किंवा गाडीखाली येतात. म्हणून दर वर्षी ठराविक हरणं मारावीच लागतात, आणि कायद्याने ती मारलीही जातात. "कुणीतरी मारणारच आहे," मामा म्हणाले. "मग ज्याला भूल देता येते, त्याने मारावं." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की हसावं की गप्प बसावं ते मला कळलं नाही, आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.

मामींचं या सगळ्याशी काही भांडण नव्हतं. भांडण एकदाच झालं, ते बाळकृष्णावरून. झाडलेल्या पुंगळ्या मामा टाकून देत नसत. त्या धुवायच्या, लख्ख करायच्या आणि पुन्हा भरायच्या. लख्ख करायला त्यांच्याकडे एक गरगर फिरणारा ड्रम होता, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालून पुंगळ्या तीन-चार तास घोळवायच्या. मामींच्या मते हा पोरकटपणा होता. पितळ कसं घासायचं हे त्यांना सासूने शिकवलं होतं, चिंच आणि मीठ, बस्स. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी देवाची उपकरणी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली आणि सहज जाता जाता मामांच्या शंभर पुंगळ्याही त्यातच लोटल्या. पुंगळ्या निघाल्या अशा की मामा बघतच राहिले. घरात दोन पितळेची कामं वेगवेगळी चालण्यात अर्थ नाही हे त्यांना पटलं आणि परतफेड म्हणून त्यांनी उपकरणी ड्रममध्ये घोळवायला घेतली. समई घोळली, निरांजन घोळलं, आणि त्यांच्याबरोबर चुकून रांगता बाळकृष्णही घोळला. तीन तासांनी बाहेर आला तो नाकीडोळी गुळगुळीत होऊन. हातातला लोण्याचा गोळा तेवढा शिल्लक. मामींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मामांनी देवासमोर उभं राहून कबूल केलं, की ड्रममध्ये घालण्यापूर्वी यादी करायला हवी होती. तेव्हापासून ड्रमवर यादी चिकटवलेली असे आणि तिच्या शेवटी लाल शाईत लिहिलेलं असे, 'देव काढले का?'

मला नेमबाजी बघायची होती, म्हणून मामा मला एका रविवारी सोबत घेऊन गेले. खुल्या माळावर सहाशे यार्डांवर एक कागद उभा केलेला. मला तो नुसत्या डोळ्यांनी दिसतही नव्हता. मामा पोटावर आडवे झाले, गवताच्या हलण्यावरून वारा वाचला, वहीत लिहिला, रायफलवरच्या दुर्बिणीची चकती दोन टकटक फिरवली आणि पाच गोळ्या झाडल्या. जाऊन बघतो तर पाचही भोकं मामींच्या पोळपाटात सहज मावतील अशी. मी थक्क झालो. म्हणजे मामा सहाशे यार्डांवरून हरीण मारतात तर, असं मी म्हटलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची किडनी चोरायची सूचना केली होती. हरणावर त्यांनी आयुष्यात दीडशे यार्डांच्या पलीकडून गोळी झाडलेली नव्हती. उलट शंभरावर आलं तरी आणखी वीस सरपटत जायचं, ढोपरं फुटली तरी चालतील. मग सहाशेचा आटापिटा कशाला? मामा म्हणाले, "ऑपरेशन अर्ध्या तासाचं असलं, जावईबापू, तरी ऑक्सिजन दिवसभराचा ठेवायचा."

दीडशे यार्डांच्या आतही त्यांचा एक नियम होता, आणि तो मी स्वतः पाहिला म्हणून सांगतो. भूल देताना रुग्णाला ते दहापासून उलट मोजायला सांगत. रुग्ण गुजराती असो, पंजाबी असो, नाहीतर बंदरावरचा गोरा हमाल, ज्याने त्याने आपल्या भाषेत मोजायचं. पस्तीस वर्षांत सहाच्या खाली कुणी गेलं नाही हा त्यांचा अभिमान. रानात मात्र मोजायचं मामांनी. हरणाच्या छातीवर, पुढच्या पायामागे, बशीएवढी जागा असते. दुर्बिणीतली फुली त्या बशीवर ठेवायची आणि ओठातल्या ओठात दहापासून सुरू करायचं. एकपर्यंत फुली बशीतून बाहेर गेली नाही तरच बोट ओढायचं. मध्येच बाहेर गेली, तर त्या दिवशी त्या हरणाला सुट्टी. मी पहिल्यांदा बरोबर गेलो ती एप्रिलमधली पहाट होती. हे रान एका शेतकरीण बाईंचं. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला मामांनी भूल दिली होती आणि तेव्हापासून तिने त्यांना आपल्या झाडीत यायची परवानगी दिली होती. रो जातीचा एक नर धुक्यातून बाहेर आला, शेळीएवढाच, तांबूस. मामा दव पडलेल्या गवतात आडवे, मी त्यांच्या मागे. मामांचे ओठ हलत होते. नर एकदा मान वर करून आमच्याकडे बघून पुन्हा चरायला लागला. मग आवाज झाला आणि नर होता तिथेच, गवताचं पातं तोंडात धरून, आडवा झाला. मामांनी लगेच उठून जायची घाई केली नाही. पाच मिनिटं थांबून, जवळ जाऊन, खाली बसून त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली. नाडी बघितली असावी. मग घरी येऊन कार्ड भरलं.

ही कार्डं म्हणजे इस्पितळातल्या भुलीच्या तक्त्याची सख्खी बहीण. प्रत्येक काडतुसाला नंबर, प्रत्येक नंबराला कार्ड. पुंगळी कितव्यांदा भरली, पावडर किती, हवेचं तापमान, वारा, अंतर, आणि शेवटचा रकाना निकालाचा. मी एका संध्याकाळी चाळून बघितली. वर्षानुवर्षांची कार्डं, सुवाच्य मराठीत, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच दोन शब्द: 'कळलं नाही'. कळलं नाही, कळलं नाही, कळलं नाही. अगदी तळाशी, पिवळं पडलेलं पहिलं कार्ड. त्यावर नंबर नव्हता, कारण ते काडतूस दुकानातलं होतं. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'कळलं'. मामांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मग, त्यांच्या मानाने फारच थोडक्यात, सांगितलं. ती त्यांची पहिली शिकार. गोळी चार बोटं मागे लागली. हरीण पळालं. शेतकरीण बाईंचा कुत्रा घेऊन ते सकाळपासून दिवस मावळेपर्यंत काटेरी झुडपांतून फिरले, तेव्हा ते सापडलं, आणि तोवर जिवंत होतं. चूक काडतुसाची की त्यांच्या हाताची, हे त्यांना कधीच कळलं नाही. हातावर त्यांचा विश्वास होता, म्हणून काडतूस त्यांनी स्वतःकडे घेतलं. पुढच्याच आठवड्यात तो तराजू घरात आला आणि शनिवारची फोडणी गेली.

तीनेक वर्षांपूर्वी मामांवर नवंच संकट कोसळलं. शेतकरीण बाईंचं हरणाचं मांस घेणाऱ्या खाटकाने कळवलं, की यापुढे शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण चालणार नाही. शिसं अंगाला वाईट, आता तांब्याची गोळी हवी. जन्मभर शिशाच्या गोळीशी संसार केलेल्या मामांना त्र्याहत्तराव्या वर्षी नव्याने मांडणी करायची वेळ आली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, ती पुंगळीतली जागा खाते, तिला वेगही जास्त लागतो, नाहीतर लागल्यावर ती नीट उमलत नाही. मामींनी मात्र या निर्णयाचं स्वागत केलं. त्या रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात आणि जे माणसाला चांगलं ते हरणाला वाईट कसं असेल, असं त्यांचं मत पडलं. मामा कामाला लागले. दोन वर्षं बिनफोडणीचे शनिवार गेले, आम्हीही ते गिळले, आणि अखेर एका रविवारी माळावर पाच तांब्याच्या गोळ्यांनी शंभर यार्डांवर मिळून एकच भोक पाडलं, तुळशीच्या पानाएवढं. मामांनी तो कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात, पदवीदान समारंभाच्या फोटोशेजारी लावला. मग त्याच मापाची पन्नास काडतुसं भरली. हे आपलं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना इस्पितळातली पस्तीस वर्षं त्यांनी सहज बाजूला सारली.

त्या पन्नासाव्या काडतुसाच्या वेळी मी शेजारी उभा होतो. पंखा बंद होता, खिडकी बंद होती, मी श्वास धरलेला होता, आणि तरीही चमचा पारड्याच्या कडेला लागून किणकिणला. मामा थांबले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा किणकिण. शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी ती पावडर घातली. मागे वळून बघतो तो दारात मामी उभ्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चहा कपात ओतायचं काम मामांनी कधीच मामींकडे दिलं होतं आणि मला ते केवळ प्रेम वाटलं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही रानात गेलो. रायफलचा परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो, तो आता तोंडावर आला होता, आणि त्याआधी तांब्याच्या गोळीचं पहिलं कार्ड भरायचं हा मामांचा ध्यास होता. नर आला. ऐंशी यार्ड, आडवा उभा, वारा आमच्या तोंडावर. यापेक्षा सोपी गोष्ट देवही देणार नाही. मामांचे ओठ हलायला लागले. दहा, नऊ, आठ, सात, सहा. सहावर ते थांबले. रायफलचा बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो, त्या दिवशी सातावर थांबले. तिसऱ्यांदा तर आठावरच. त्या दिवशी परत येताना शेताच्या फाटकाशी मी त्यांना, बरं वाटावं म्हणून, म्हटलं की मामा, ऐंशी यार्ड म्हणजे तुम्हाला काहीच नाही, फुली जरा हलली तरी गोळी बशीतच लागली असती. मामांनी फाटकावर हात ठेवला. तो थरथरताना त्यांनी मला मुद्दाम बघू दिला.

"लागली असती," ते म्हणाले. "बहुतेक लागलीच असती. पण बहुतेकवर मी कुणाला झोपवलेलं नाही."

परवाना नवा करताना पोलीस डॉक्टरचंही मत मागवतात, पण त्याआधीच मामांनी पोलिसांच्या परवाना खात्याला स्वतः पत्र लिहिलं, की माझा हात आता स्थिर नाही, तरी माझी रायफल जमा करून घ्यावी. पत्रसुद्धा त्यांनी टाइप केलं नाही, हाताने लिहिलं. वाचणाऱ्याला पुरावा वेगळा लागू नये म्हणून, असं त्यांनी मला सांगितलं. प्रश्न राहिला पन्नास काडतुसांचा. घरी भरलेली काडतुसं दुकानदार घेत नाही. मी म्हटलं, कुणा ओळखीच्या शिकाऱ्याला देऊन टाका. पण ती त्यांच्या रायफलच्या मापाने भरलेली, आणि दुसऱ्याच्या नळीला आपल्या मापाची भूल द्यायची नाही हे ठरलेलं. म्हणजे उरला एकच मार्ग, जशी भरली तशी उकलायची.

त्या शनिवारी घरात शेवटची फोडणीबंदी झाली. काडतूस उकलायला एक पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस उलटं बसवून लाकडावर दोन-तीन ठोके दिले की गोळी निसटते आणि पावडर खाली येते. मामांच्या हाताला ते जमेना, म्हणून ठोके मी दिले आणि त्यांनी समोर बसून देखरेख केली. दोन वर्षांचं काम दोन तासांत सुटं झालं. गोळ्या एका डबीत, टोप्या तेलात बुडवून, पुंगळ्या रांगेत. प्रत्येक नंबराचं कार्ड मामा पुढे सरकवत आणि मी त्यावर 'उकललं' असं लिहीत असे, कारण त्यांचं अक्षर आता कार्डात मावत नव्हतं. मध्ये एकदा मला शिंक आली. मी सवयीने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "शिंका आता हव्या तेवढ्या." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाची मी मनातल्या मनात नक्कल करत आलो आणि ती मित्रांना करून दाखवत आलो, त्याच्यासमोर हातोडा धरून बसायची वेळ माझ्यावर यावी, हे मला आवडलं नाही. शेवटी वाटीभर पावडर उरली. ही जुनी पावडर झाडांना खत म्हणून चालते, असं मामा म्हणाले, आणि मामींच्या गुलाबांच्या बुडाशी त्यांनी ती चिमटी-चिमटीने पसरली. त्या कामाला थरथर आड आली नाही, उलट उपयोगीच पडली. सोमवारी पोलीस खात्याच्या एक बाई येऊन रायफल घेऊन गेल्या. मामींनी त्यांना चहा आणि चिवडा दिला.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा शनिवारी जेवायला गेलो. वरणाला हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी, भाजीला फोडणी, कोशिंबिरीलाही फोडणी. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती समोर आली आणि मला ती बेचव लागली, हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तराजू आता मामींच्या ओट्यावर असतो, त्यावर श्रीखंडाचं केशर मोजलं जातं. जेवण झाल्यावर मामा खिडकीशी उभे होते. एकदम त्यांनी हात मागे करून आम्हाला थांबायची खूण केली. बागेत रो जातीचा एक नर आला होता. तांबूस, शिंगं नुकतीच स्वच्छ झालेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मामींच्या गुलाबाचं एक भरलेलं फूल देठापासून तोडून खाल्लं. गुलाब यंदा कधी नव्हे इतके फुलले होते. मामींनी काचेवर थाप मारायला हात उचलला आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघून तसाच खाली घेतला.

मामांचे ओठ हलत होते. दहा, नऊ, आठ. कपाटावर टेकलेला हात थरथरत होता, पण मान आणि नजर जिथल्या तिथे. सहा गेले, पाच गेले, तीन, दोन, एक. मामा थांबले आणि त्यांनी श्वास सोडला. नराने दुसरं फूल तोंडात घेतलं.

"जावईबापू, कार्ड घ्या," मामा हळूच म्हणाले. कार्डं अजून त्याच खणात होती. मी पेन काढलं आणि त्यांनी नेहमीच्या क्रमाने सांगायला सुरुवात केली. अंतर वीस यार्ड. वारा डावीकडून, मंद. पावडरच्या रकान्यात, वाटीभर, गुलाबाला. गोळीच्या रकान्यात काट मारा. मी काट मारली आणि विचारलं, की निकालाच्या रकान्यात काय लिहू?

"नेहमीचंच," मामा म्हणाले.

मी लिहिलं, 'कळलं नाही'.